आमच्या काकासासऱ्यांचं भाताशी वैर

भाताला घाबरणारा माणूस उभ्या जबलपुरात एकच होता, आणि नेमके ते माझे काकासासरे निघाले. एरवी ते कशालाही घाबरत नाहीत. सरकारी बांधकाम खात्यात सगळी नोकरी काढली, एकाही ठेकेदाराच्या दमदाटीला भीक घातली नाही, आणि आजही ओमती बाजाराच्या गर्दीतून स्कूटर अशी काढतात की समोरचा ट्रकवाला विचारात पडतो. पण ताटात पांढऱ्या भाताची मूद दिसली की खुर्ची मागे सरकवायचे. पुढे मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत त्यांना ‘कार्ब’ हा शब्द सापडला, आणि घरात कुणाला सुखाने जेवता येईना. पोळी कार्ब, भात कार्ब, बटाटा कार्ब, केळं तर विचारूच नका. “हे सगळं पोटात जाऊन साखरच होते, जावईबापू,” ते मला सांगायचे. “तुम्ही पोळी नाही खाऊन राहिले, तुम्ही साखर फाकून राहिले.” हे ऐकवायला ते नेमका माझा घास तोंडात जाईपर्यंत थांबत.

काका कोणतीही गोष्ट एकट्यापुरती करत नाहीत. स्वतःचं पथ्य सुरू झालं की त्यात सगळ्या नात्यागोत्याला ओढायचं, ही त्यांची जुनी खोड. लग्नाला जाताना पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात उकडलेली अंडी आणि काकडी. तेवढं खाऊन स्वस्थ बसतील तर शपथ. पुरीच्या कढईजवळ उभं राहून ताट घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, “तुमची शुगर केवढी हाय?” नवरदेवालाही विचारलं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत होते, तर हे रांगेच्या तोंडाशी उभे, “अर्धीच वाटी घ्या, तांदूळ हाय त्याच्यात.” शेवटी खीर वाढणाऱ्या आजीबाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, सुजातेनं बुद्धाले खीर दिली तेव्हा त्यायनं कार्ब नव्हते विचारले.” काका रांगेतून बाजूला झाले, पण खीर घेतली नाही. थंडीत जवळच्या पनागरचा मटार बाजारात आला की ह्या घरात पोह्यात, उसळीत, वाटलेल्या मटाराच्या निमोन्यात, जिकडेतिकडे मटार असतो, आणि काकांचा त्याच्यावर फार जीव. मटारातही कार्ब असतात हे कळलं त्या दिवशी ते दुःखी होऊन बसून राहिले. मग स्वतःच निकाल दिला, “हिरवं हाय ना, चालते.”

ह्या सगळ्याला आम्ही हसायचो खरे, पण बेताने. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ही भीती व्हिडिओतून आलेली नाही. माझे सासरे, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, ह्याच घरात राहत होते. त्यांना साखरेचा आजार होता. पायाची साधी जखम चिघळत गेली आणि पाय कापावा लागला. त्या दिवसापासून काकांनी दादांचं ताट आपल्या ताब्यात घेतलं आणि त्यातून भात कायमचा काढून टाकला. भातावर वाढलेला माणूस तो, दुपारी जेवायला बसला की म्हणायचा, आज तरी घासभर वाढ. काका वाढायचे नाहीत. पुढे दादा गेले. माझं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे मी हे फक्त ऐकलेलं. मग गेल्या वर्षी काकांच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली, आणि त्यांनी भाताशी उघड वैर धरलं.

डॉक्टरांनी त्यांना रक्तातली साखर उतरवणारी, जेवणाआधी घ्यायची गोळी दिली होती. ती ते न चुकता घेत, आणि तिथेच घोळ झाला. जन्मभर सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला एका टेबलाचं काम दुसऱ्या टेबलावर गेलेलं खपत नाही. काकू किती वेळा म्हणाल्या, “तुमी जेवण बदललं, ते डॉक्टरले सांगा तरी.” यावर काकांचं उत्तर ठरलेलं, “गोळी डॉक्टरच्या खात्यात, जेवण माझ्या खात्यात. त्यायले काहून सांगू?” त्यामुळे गोळी जुन्या भात-पोळीच्या हिशेबाने चालू राहिली आणि ताटात मात्र काकडी.

जानेवारीतली गोष्ट. कुकरचं रबर आणायला आम्ही दोघं ओमतीला गेलो होतो. दुकानात रबर घेतलं आणि काका बोलायचे थांबले. काका गप्प आहेत म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला तिथेच कळायला हवं होतं. भर थंडीत त्यांच्या कपाळावर घाम, हात थरथरत होते. मी म्हटलं, “काका, बसा जरा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, “आप कौन?” त्यांना बाकावर टेकवून मी काकूंना फोन लावला. “गोळी घेतली त्यायनं, अन् पोटात अन्न नाही,” काकू म्हणाल्या. “पहिले साखर द्या त्यायले. बाकी मंग.” शेजारच्या चहावाल्याने ग्लासभर पाण्यात साखर घोळून दिली. ज्या माणसाने घरात कुणाला सुखाची पोळी खाऊ दिली नाही, तो ते पाणी घटाघटा प्यायला. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. थोड्या वेळाने थरथर थांबली, नजर ओळखीची झाली, आणि ते पहिलं वाक्य बोलले, “जावईबापू, याच्यात किती चम्मच साखर टाकली?” असला छळवादी प्रश्न मला आयुष्यात इतका गोड कधी लागला नव्हता. मी चहावाल्यासमोरच डोळे पुसले.

तसंच रिक्षात घालून त्यांना नेपियर टाउनला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग बाईंनी जेवणाची चौकशी केली आणि डोक्याला हात लावला. “अंकल, चूल्हा जलाके रखा है और पतीली में कुछ डाला ही नहीं. पतीली तो जलेगी.” त्यांनी गोळी कमी केली आणि कागदावर ताट काढून दाखवलं. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात डाळ नाहीतर अंडी, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा पोळी, ज्वारीची भाकरी असली तर उत्तम. मैदा, मिठाई कमी. शरीर चालायला कार्बही लागतातच, डोकं तर त्यांच्यावरच चालतं. काकांनी तो कागद आपल्याकडे ओढला. “मतलब चावल खा सकते हैं? शुगर वाले भी?” त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “कटोरी भर, दाल-सब्ज़ी के साथ. बिलकुल.”

त्या संध्याकाळी काकूंनी वरण-भात लावला. कुकरच्या शिट्टीने घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. माझी बायको, काकू आणि मी, तिघंही काका पहिला घास कधी घेतात इकडे डोळे लावून बसलो होतो. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, आणि हात ताटातच राहिला.

“म्हणजे दादा मागत होता,” ते म्हणाले, “तेव्हा वाटीभर देता आला असता.”

काकू डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग माझी बायको म्हणाली, “मी देत होती, काका.”

काकांनी मान वर केली.

“तुम्ही दुपारी झोपले की. रोज नाही, बाबा मागतील तेव्हा. वाटीभर वरण-भात.”

“तूप?”

“थोडंसं.”

काकांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. “चांगलं केलं तू, पोरी,” ते म्हणाले. “बहुत चांगलं केलं.” मग विचारलं, “काही म्हणे का तो, खाताना?”

“म्हणत होते, तुझ्या काकाले सांगू नको. तो घाबरते.”

काका हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बाहीने पुसून त्यांनी काकूंपुढे वाटी धरली.

“वरण वाढ,” ते म्हणाले.