बदकाचं चित्र आणि आपसी बदली

रायपूरकडचा भाग वेगळा होऊन नवं राज्य झालं तेव्हा माझा मोठा भाऊ भोपाळला सरकारी कचेरीत कारकून होता. कोणत्या राज्याच्या नोकरीत राहायचं, ते त्याला विचारलं गेलं. आई रायपुरात, घर रायपुरात. तरी त्यानं भोपाळ लिहून दिलं. ते मला अजून पचलेलं नाही.

तोवर रायपूरलगत, उरल्याच्या कारखान्यांच्या भागात भंगाराचा धंदा मी एकट्याच्या हिमतीवर उभा केला होता. सौदा हातचा जाऊ देणं मला ठाऊक नव्हतं. म्हणून भावाचाही सौदा जुळवला. भोपाळला जायला तडफडणारा, त्याच्याच हुद्द्याचा एक माणूस इथं शोधून काढला. दोघांनी अर्ज केला की आपसी बदली होऊन जात असे.

भाऊ दिवाळीला आला आणि घरातल्या माझ्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. त्यात त्याला चौकटींचा एक खेळ सापडला. प्रत्येक ओळीपुढे आणि रकान्यावर आकडे. त्या आकड्याइतक्या चौकटी सलग काळ्या करायच्या. सगळं जुळलं की चित्र दिसतं. ज्या चौकटी नक्की रिकाम्या, तिथं भाऊ आधी फुल्या मारत होता. मला एवढा धीर कुठला? मी माऊस ओढून घेतला आणि अंदाजानं चौकटी काळ्या करत सुटलो.

"अरे पोट्ट्या, हा काही तुझा गिऱ्हाईक नाही, दमात घेतलं का ऐकंल. पाच म्हणजे पाचच."

मी हसलो नाही. "दादा, बदलीसाठी माणूस तयार आहे. तू फक्त हो म्हण."

मी सगळं सांगितलं. तो स्क्रीनकडेच पाहत माझ्या चुकीच्या चौकटी पुसू लागला.

"मले न विचारता?"

"तू मले विचारून भोपाळ लिहून दिलं होतं काय?"

"पोरांच्या शाळा तिकडं. तुझी वहिनी तिकडं नोकरीत. माझं घर आता तेच आहे रे."

"अन् ही काय धर्मशाळा आहे?" माझा आवाज चढला. "माय रोज विचारते, कधी येऊन राहिला म्हणून. काय सांगू तिले?"

आई दारातच उभी होती, हातात अनारशांची ताटली घेऊन. ती आत आली, डोळे बारीक करून तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"काय हाय हे?"

"बदक होतं, माय," भाऊ म्हणाला. "यानं बिघडवलं."

"हव," ती म्हणाली. "खाऊन घ्या दोघं."

भाऊ परत गेला. त्या माणसाला अदलाबदलीसाठी दुसरं कोणी मिळालं. आई पुढं काही वर्षं होती. मी कामावरून आलो की पाणी द्यायची, वाढायची. पण भाऊ कधी येणार, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. आधी तिच्या त्या विचारण्याचाच मला राग येई.

एकदा मीच म्हणालो, "दादाचा फोन आला होता."

"बरा आहे ना?" एवढंच म्हणाली, आणि कांदा चिरत राहिली.