भावाच्या घरचं ताक

अर्जुनरावाला शंभर वर्षं जगायचं होतं, पण त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. पणतू मांडीवर खेळवावा, देवाचं नाव घ्यावं, असलं काही नाही. त्याला फक्त धाकट्या भावाच्या तेरवीचं जेवण जेवायचं होतं.

हे सगळ्या पिंपळगाव राजा गावाला ठाऊक होतं, कारण वाटणीच्या दिवशी त्यानं ते पंचांसमोर ओरडून सांगितलं होतं. त्या दिवशी जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, कुठं कुरकुर नाही. घोडं अडलं ते आईच्या पितळी घंगाळापाशी. केवढं घंगाळ! लहानपणी दोघं भाऊ एकदम त्यात बसून आंघोळ करायचे. मोठा म्हणून पंचांनी अर्जुनरावाला आधी विचारलं, त्यानं घंगाळ ओढून घेतलं. उरला आईचा ताकाचा डेरा.

"ते आंबट मडकं ठेव तुह्यापाशी," अर्जुनराव म्हणाला.

"ठेवतो," धाकटा निवृत्ती म्हणाला. "तू बस घंगाळात. शेवटची आंघोळ बी त्यातच घालतो तुले."

"मले? अबे, तुह्या तेरवीची बुंदी खाल्ल्याबिगर मी मरत नाही!"

सख्खा भाऊ तेरवीला पंगतीत आधी बसतो की डोकं भादरून वाढायला उभा राहतो, हे त्याला सांगायची हिंमत कुणी केली नाही. उगाच कशाला एखाद्याच्या जगण्याची उमेद मोडा?

तेव्हापासून बोलणं बंद. एका गल्लीत घरं, मध्ये एक गोठा. अर्जुनराव ओसरीवर बसून रोज सकाळी भावाकडं बघायचा, जणू शेतात कापूस वेचायला आला की नाही ते बघतोय. निवृत्ती मात्र टुणटुणीत. सकाळी ताकातल्या कण्या, दुपारी ताक, रात्री कढी. साठी उलटली तरी ज्वारीचं पोतं पाठीवर घ्यायचा, आणि ते घेताना मुद्दाम दादाच्या ओसरीवरून जायचा.

अर्जुनरावाच्या घरी ताकाचं नाव नव्हतं. त्याच्या दोन्ही म्हशींचं दूध खामगावच्या चहाच्या हॉटेलात जायचं. ताक लोकांना फुकट वाटावं लागतं, ते विकत नाहीत. आणि फुकट वाटायच्या कोणत्याच गोष्टीत अर्जुनरावाला रस नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आरोग्य खात्याची गाडी गावात आली आणि शाळेच्या भिंतीवर पडदा लावून जंतू दाखवून गेली. पडद्यावर एकेक जंतू गोऱ्ह्याएवढा. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. अर्जुनराव पुढच्या ओळीत होता. त्यानं घरी जाऊन हात धुतले की नाही देव जाणे, पण हिशेब पक्का केला: रोग जंतूनं येतो, जंतू मेले म्हणजे रोग मेला, रोग मेला म्हणजे मरण मेलं.

त्यात त्याच्या पाठीवर करट आलं. खामगावच्या डॉक्टरांनी लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या, करट बसलं. झालं! डॉक्टरांनी पुरे म्हटलं तरी हा पठ्ठ्या दुकानातून आणून आणून खातच राहिला. लोक सकाळी तुळशीचं पान तोंडात टाकतात, हा कॅप्सूल टाकायचा. "आतून सारवून घेऊन राह्यलो," म्हणायचा.

आणि असं सारवलं गेलं म्हणता! पोट म्हणजे नुसता चिरा गेलेला बांध. पोटात काही ठरेना. टमरेल हातातून सुटेना, धोतर कमरेवर थांबेना. गालाची हाडं वर आली. गोदरीच्या, म्हणजे परसाकडच्या, वाटेवर माणसं त्याला आधी जाऊ देऊ लागली. इतका मान घरात पाटीलकी होती त्या काळातही त्याला मिळाला नव्हता. निवृत्ती आपल्या ओसरीवर बसून मोजल्यासारखं बघायचा. आता कापूस दुसऱ्याच शेतात फुटला होता.

शेवटी बायको, सत्यभामाबाई, त्याला बैलगाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो, पोटात जंतूंची एक वस्ती असते. चोर असतात तसे कष्टकरीही असतात. अन्न पचवतात ते हेच. तुम्ही चोर मारायला गेलात आणि अख्खं गाव उठवलंत. वय झालं की ही वस्ती आधीच विरळ होते. ती ज्याची शाबूत, तो म्हातारपणीही ताठ."

"मंग आता?"

"पुन्हा माणसं वसवायची. ताक प्या. हॉटेलातलं नको, जुन्या घरचं. ज्या ताकावर लहानाचे मोठे झालात ते मिळालं तर उत्तमच."

"ते मह्या आईच्या हातचं. आई त गेली."

"आई गेली हो. विरजण गेलं का?"

सत्यभामाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छताकडं.

तरी त्यानं आधी शेजाऱ्यांचं ताक पिऊन पाहिलं, हॉटेलवाल्याचं दही चाटून पाहिलं. एकानं पोट फुगलं, दुसऱ्यानं टमरेल आणखी जवळ आलं. मग एक दिवस भिंतीकडं तोंड करून तो बायकोला म्हणाला, "मागच्या दारानं जाजो. अंबूबाईले म्हणजो, तुह्यासाठी पाह्यजे. भांडं पदराखाली ठेवजो."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही म्हण आपण सगळे वापरतो. अख्ख्या गल्लीदेखत ती रोज करून दाखवणारी सत्यभामाबाई एकटीच.

अंबूबाई, निवृत्तीची बायको, डेऱ्यातून गडवा भरून द्यायची. काही विचारायची नाही. भांडण पुरुषांचं होतं. दोघी जावांनी ते मनावर घेतलंच नव्हतं. पण एक दिवस गोठ्यात निवृत्ती आडवा आला.

"वहिनी, पदराखाली काय हाय?"

"काही नाही, भाऊजी. शेण न्याले आली होती."

पदरातून धार लागलेली.

"मह्या गायी पांढरं शेण टाकून राह्यल्या, मलेच माईत नाही!" निवृत्ती हसला. "न्या, न्या. पातळ लागलं तं सांगा. दादाले मात्र नका सांगू मी पाह्यलं म्हणून. त्याच्या घशाखाली उतरणार नाही."

अशी गंमत. सगळ्या गावाला माहीत, फक्त अर्जुनरावाला माहीत नाही की गावाला माहीत आहे. आणि पोट भरत चाललं. हळूहळू भाकरी पचू लागली, गाल भरले. एके दिवशी तो गावात टमरेलाशिवाय दिसला तेव्हा पारावरचे लोक चक्क उठून उभे राहिले. तो मिशीवरचं ताक पुसत बायकोला म्हणायचा, "त्याच्याच ताकावर जगीन अन् त्याचीच बुंदी खाईन. याले म्हणतात डोकं!"

पुढच्या हिवाळ्यात निवृत्तीला छातीत कफ झाला, ताप चढला. अंबूबाई त्याला घेऊन खामगावच्या दवाखान्यात जाऊन राहिली. घरात राहिली सून कोकिळा, ती एकटी काही घुसळत बसली नाही. मागचं दार बंद झालं आणि ताक बंद झालं.

इतकी वर्षं ज्या बातमीची वाट पाहिली ती दाराशी आली होती. अर्जुनराव पारावर येऊन बसला, पण चेहऱ्यावर रौनक नाही. मधूनच पोटावर हात. महादेवराव तेली त्याला मुद्दाम म्हणाला, "अर्जुनराव, बुंदीचा घाणा सांगून ठेवू काय?" अर्जुनराव उठला आणि एसटीत जाऊन बसला.

दवाखान्यात निवृत्ती उशीला टेकून बसला होता. भावाला पाहून तो क्षीण आवाजात म्हणाला, "काऊन आला, दादा? अजून वेळ हाय. जेवण तेराव्या दिवशी असते."

"मरू नको बे," अर्जुनराव म्हणाला.

"काऊन?"

अर्जुनरावानं दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाला, "मही तब्येत बिघडून राह्यली. तुह्या घरचं ताक बंद झालं नं."

निवृत्ती असा हसला की त्याला ढास लागली आणि नर्स धावत आली. ढास थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे मी मेलो तं तू जगत नाही. अन् मी जगलो तं तुले बुंदी नाही. लयच फसला रे दादा!"

अंबूबाई डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात उभी होती. ती भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, थेट बोलायची नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "त्यायले सांगा, विरजण कोकिळेपाशी हाय. डेरा कोरडा होण्याआधी घेऊन या म्हणा."

परतीच्या एसटीनं अर्जुनराव गावात आला आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच पुढच्या दारानं भावाच्या अंगणात शिरला. अंगणात कोकिळा डेरा राखेनं घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात पालथा घालत होती.

"हे काय केलं व पोरी?"

"मामाजी घरी येतीन नं," सासऱ्याची वाट बघणारी सून कौतुकानं म्हणाली. "डॉक्टर म्हणे सफाई ठेवा. एक बी जंतू ठेवला नाही, मोठे मामाजी!"

अर्जुनराव मटकन ओट्यावर बसला. हे शहाणपण कुठल्या शाळेतलं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तोंडाशी शिवी आली ती त्यानं गिळली.

घरी जाऊन बायकोपुढं बसला. "आईचं विरजण गेलं. आता निवृत्ती बी जगला काय अन् मेला काय."

सत्यभामाबाईनं शिंक्यावरून एक वाटी काढली. वर झाकण, आत घट्ट दही.

"शेवटच्या गडव्यातलं चमचाभर ठेवलं होतं. रोज हॉटेलाच्या दुधातून थोडं चोरून लावते."

"अन् मी इथं मरून राह्यलो! मले काऊन नाही दिलं?"

"तुमाले पाजलं असतं तं वाटी संपली असती. बियाणं खाऊन शेती होते काय?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याची किटली रिकामी परत गेली. अर्जुनरावाच्या घरात रवी फिरू लागली आणि सकाळी लोक ताकाला येऊ लागले, फुकट. तो दात-ओठ खात बघायचा, पण "नाही" म्हणायची सोय नव्हती. ताकाला नाही म्हणत नसतात.

निवृत्ती बरा होऊन आला तो दवाखान्याच्या कॅप्सूलांनी पोट धुवून घेऊनच. आता टमरेल गल्लीच्या त्या घरातून निघू लागलं. अंबूबाई गडवा पदराखाली घेऊन निघाली तशी त्यानं तिच्या हातातून तो काढून घेतला. भर सकाळी, समोरच्या दारानं, गडवा सगळ्यांना दिसेल असा धरून तो दादाच्या ओसरीवर उभा राहिला.

अर्जुनरावानं गडव्याकडं बघितलं. "एवढुसं काऊन आणलं बे? चिमणीले पाजतो काय?" मग आत तोंड करून ओरडला, "अवं, ते घंगाळ आण!"

सत्यभामाबाईनं घंगाळ आणून मधोमध ठेवलं आणि त्यात ताक ओतलं. एवढ्या मोठ्या भांड्यात ते तळाला लागल्यासारखं दिसत होतं. दोन्ही भाऊ वाकून त्यात बघू लागले.

"देत नाही, वापराले देतो," अर्जुनराव म्हणाला. "परत आणून द्या लागते."

"परत आणाले मी जगलो पाह्यजे नं, दादा."

"म्हणून तं देऊन राह्यलो. धर त्या बाजूनं. एकट्याले उचलणार नाही तुले."