एका चादरीच्या सात घड्या

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात माणसं सात आणि चादरीच्या घड्याही सात. ताईंना मुकादमी मिळून जेमतेम सहा महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यांचं डोकं पार उठलं होतं. सातही जण सात ठिकाणचे. एकाची भाषा दुसऱ्याला धड कळायची नाही, प्रत्येकाचा देव वेगळा; आणि आपल्या आईने शिकवली तीच घडी खरी, यावर मात्र सगळे ठाम.

"एकाच गठ्ठ्यातली एक चादर इकडून उलगडते, दुसरी तिकडून, तिसरी जमिनीवर लोळते," मोठ्या सिस्टरांनी तिसऱ्यांदा चादरींची गाडी परत पाठवताना सुनावलं. "शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर धुणं बाहेर देणार. मग बसा सगळे घरी."

ताईंनी सगळ्यांना टेबलाशी गोळा केलं. आता एकच घडी ठरवायची. पण कुणाची?

"माझ्या घडीवर तीस वर्षं इस्पितळ झोपलंय," काका म्हणाले. सगळ्यांत जुने तेच. चादर हनुवटीखाली धरून एकट्याने चौकोनी घडी घालायचे, कडेला कड अशी की बघत राहावं.

नवी बाई दूरदेशाहून आलेली, बोलायला चार शब्द. ती चादर अर्धी उभी गुंडाळून ठेवायची, म्हणून सगळे तिला 'वळकटी' म्हणत. ती हळूच म्हणाली, "खाटेवर माणूस."

"मग काय घोडा असतो?" इस्त्रीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. ताईसुद्धा.

वयाचा मान ठेवून ताईंनी काकांची घडी ठरवली. वळकटीने मान खाली घालून ती शिकून घेतली.

घरी ताईंनी गाऱ्हाणं मांडलं, तर यजमान म्हणाले, "आपल्या दोघांचं एका टॉवेलवर पंचवीस वर्षांत जमलं नाही. तू सातांचं काय घेऊन बसलीस?" ताईंनी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडतानाही डोळ्यांसमोर चादरीच.

बुधवारी सिस्टरांनी त्यांना वर बोलावलं. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, कूसही बदलता येत नव्हती. चौकोनी घडी झटकून उलगडेपर्यंत ते उघड्या अंगाने कुडकुडत राहिले. मग सिस्टरांनी शेल्फात आधीपासून पडून असलेली एक चादर घेतली, अर्धी गुंडाळलेली. ती पाठीशी सरकवली, आजोबांना एकदा कुशीवर वळवलं, उरलेली पलीकडून ओढून घेतली. झालं.

"ही कुणाच्या हातची? मला सगळ्या अशा हव्यात."

ताई जिना उतरल्या त्या स्वतःवरच चरफडत. ती बाई सांगत होती, आणि आपण हसलो.

खाली सांगितल्यावर काका भडकले. "कालची आलेली मला शिकवणार? माझ्या हातांना आता नवं वळण लागायचं नाही." इतरांनीही तोंडं वाकडी केली. दोन दिवस ताई प्रत्येकाच्या मागे उभ्या राहिल्या, ओरडल्या, समजावलं, पुन्हा ओरडल्या. त्यांचे स्वतःचे हातही चुकतच होते. वळकटी प्रत्येक वेळी त्यांच्या मनगटावर बोट ठेवून एवढंच म्हणायची, "परत."

शनिवारी दुपारी गाडी वर गेली आणि तासाभराने एकच गठ्ठा खाली आला. नऊ चादरी, नऊच्या नऊ चौकोनी, कडेला कड. सोबत सिस्टरांचा निरोप: बाकीच्या चालतील, एवढ्या संध्याकाळच्या आत बदलून द्या.

त्या कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. काकांनी गठ्ठ्याकडे पाहिलं आणि कोरड्या आवाजात विचारलं, "कुणाच्या आल्या परत?"

ताईंना बरंच काही बोलायचं होतं.

"माझ्याच म्हणा," त्या म्हणाल्या. वरची चादर झटकून त्यांनी दोन टोकं काकांपुढे केली. "मला एकटीला अजून जमत नाही. धरा."

काका जागचे हलले नाहीत. ताई हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. दंड दुखायला लागले. शेवटी काकांनी टोकं घेतली, तीही उपकार केल्यासारखी, आणि सवयीने चादर हनुवटीखाली नेली.

वळकटीने पुढे होऊन त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं.

"परत," ती म्हणाली.