अळणी बर्गर

तेराव्याची शेवटची पातेली पालथी घालून शर्वरी दुपारी अडीचला कॉटवर अंग टाकते. डोळे मिटतात, डोकं मात्र स्वयंपाकघरातच घुटमळतंय. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या तीन जुड्या उरल्यात, पुदिना उरलाय, शेजारच्या काकूंनी आणलेला शेपू तसाच पडलाय. उद्यापर्यंत सगळं पिवळं पडेल. मुलांनी तेरा दिवस निमूट वरणभात गिळलाय. संध्याकाळी त्यांना घरीच बर्गर करून घालावेत. बटाटे उकडायचे, हिरवं सगळं बारीक चिरून टिक्कीत ढकलायचं...

"शेपूची देठं काढ आधी. जाडंभरडं चिरायची खोड गेली नाही तुझी."

सासूबाई ओट्यापाशी उभ्या आहेत. जाऊन तेरा दिवस झालेलं माणूस पदर खोचून सुरी चालवतंय, यात शर्वरीला वावगं काही वाटत नाही. सासूबाईंनी चूक काढली नसती, तरच ती दचकली असती.

"आई, तुम्ही बसा. मी करते."

"दोन वर्षं अंथरुणात होते की! आणखी किती बसू?"

शर्वरी टिक्क्या थापते. ओटा लांबत जातो आणि नदीच्या घाटावर संपतो. तवा पायरीवर चरचरतोय, शेजारी दहाव्याचा पिंड ठेवलाय. कावळे भिंतीवर माना फिरवून बसलेत. तिचा नवरा श्रीरंग ओलेत्याने हात जोडून विनवतोय, "आई, ताईला कधी अंतर देणार नाही. आई, तुझी तुळस जगवीन." कावळा ढिम्म. अगदी त्या दिवशी झालं तसंच. दीड तास वाट पाहून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला होता.

"माझी इच्छा तुला ठाऊक होती," सासूबाई म्हणतात. "मूग गिळून का बसलीस?"

"चारचौघांत काय सांगू? आईंना बर्गर हवा होता म्हणून? लोक हसले असते."

"हसले असते तर हसले असते. मी उपाशी गेले."

"डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं तुमचं."

"मग अळणी करायचास. तू दार लावून घेतलंस. मुलांना दिलेस, स्वतः दोन चापलेस आणि मला म्हणालीस, उद्या. दाराखालून पुदिन्याचा वास येत होता गं मला."

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी कडी लावताना शर्वरीला बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षं ज्या हाताला नावं ठेवली, त्या हातच्या जेवणाचा नुसता वास घेत पडावं त्यांनी, असं तिला मनापासून वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई गेल्या.

"माफ करा मला, आई."

"माफी काय ताटात वाढू? श्रीरंगला सांग. एवढं केलंस तरी पुष्कळ."

"तो माझं तोंड बघणार नाही."

"नाहीच बघणार," सासूबाई खुशीत म्हणतात. "माझा मुलगा आहे तो."

शर्वरी पावात टिक्की घालून घाईघाईने पुढे करते. "घ्या ना. आता तरी घ्या."

"कशाने चावू? कवळी काढून घेतलीत माझी. तूच खा, मी बघते."

बर्गर तिच्या तोंडात कोंबला जातो. मिठाचा कण नाही. घास फुगत जातो, गिळवत नाही, आणि सासूबाईंचा हात थांबत नाही. "चाव," त्या म्हणतात. "नीट चाव." कावळे एकदम कलकलाट करत उठतात.

"शर्वरी, चहा टाकू का?"

साडेचार वाजलेत. श्रीरंग उशाशी बसलाय. तो झोपलेला दिसत नाही.

"डोक्यातून जातच नाही गं. कावळा का शिवला नसेल? आईला काय हवं असेल? शेवटी तूच जवळ होतीस. तुला काही म्हणाली होती?"

एका वाक्याचं काम आहे. शर्वरी तोंड उघडते.

"नाही रे. मला कशाला सांगतील त्या?"

श्रीरंग मान हलवतो, उठतो, आणि वाकून तिच्याकडे बघतो. "दातात काय अडकलंय तुझ्या? हिरवं?"

ती जीभ फिरवते. शेपूची काडी आहे. पंगतीत शेपू नव्हता. फ्रिजमधल्या जुडीचा दोरासुद्धा अजून कुणी सोडलेला नाही.

"काही नाही, कोथिंबीर असेल," ती म्हणते, आणि त्याच्यादेखत काडी गिळून टाकते.