आप्पांचा अर्धा गाळा आणि आमचे टी-शर्ट

टी-शर्ट छापायच्या धंद्यात माल फारसा साठत नाही, किस्से मात्र साठतात. गिऱ्हाईक टी-शर्ट घेऊन जातं आणि बोललेलं आमच्याकडेच ठेवून जातं. परवा माहेरी, कवठे येमाईला, जेवणं झाल्यावर मी सहज एक किस्सा सांगायला घेतला आणि मग थांबताच येईना. भाऊ म्हणाला, "ताई, तू दुकान चालवतीस का तमाशा?" म्हटलं, दोन्ही. फक्त तिकीट लावत नाही.

तर आधी ओळख करून देते. शिरूरला एसटी स्टँडपासून थोडं आत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे खरं तर आप्पांचं. आप्पा जुने टेलर. नेहरू शर्ट, बंडी, लेंगे, शाळेचे गणवेश. एके काळी निम्मं गाव त्यांनी शिवलेल्या कपड्यांत फिरायचं. मग रेडिमेड आलं, मागोमाग टी-शर्ट आले, आणि आप्पांच्या मशीनवर धूळ बसायला लागली.

माझं एमआयडीसीतल्या कंपनीतलं काँट्रॅक्ट संपलं, तेव्हा मी टी-शर्टवर छापायचं मशीन घेतलं. घेतलं खरं, पण ठेवायला जागाच मिळेना. आप्पांनी निरोप धाडून बोलावून घेतलं.

"निम्मा गाळा रिकामाच हाय. ठेव मशीन."

मी म्हटलं, "आप्पा, ह्या टी-शर्टनीच तर तुमचं गिऱ्हाईक पळवलं."

"मग काय झालं? पळून कुठं गेलं ते तरी इथं बसून दिसंल."

असा माणूस. सासर-माहेर धरून इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. आज माझं जे काही बरं चाललंय, ते त्या अर्ध्या गाळ्यामुळे. हे मी कुणालाही, न विचारता सांगते.

आप्पांचा मुलगा नितीन पुण्याला हडपसरमध्ये असतो, मोठ्या कंपनीत. त्याची आई, आमच्या काकू, गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. "आप्पा, गाळा विकून टाका आणि आमच्याकडे या. एकटे तिथे काय करता?" मुलगा चांगला, सून चांगली, बोलणंही चुकीचं नाही, हीच तर पंचाईत होती. आप्पा "बघू" म्हणायचे, फोन ठेवायचे आणि मला विचारायचे, "तिथं सकाळी उठून मी करायचं काय, सांग बरं?"

आप्पा पुण्याला गेले तर दुसरी जागा मी कुठेही शोधली असती. पण कामाशिवाय बसलेले आप्पा माझ्या डोळ्यांपुढेच येत नव्हते.

*

आमच्याकडे कॉम्प्युटरवर डिझाईन करतो तो राहुल. तो खुटबावचा, म्हणून दौंड तालुक्यातली गिऱ्हाईकंही वाट वाकडी करून आमच्याकडे येतात. एकदा त्याच्या गावच्या गणेश मंडळाची ऑर्डर आली. साइझ व्हॉट्सॲपवर मागवले. एकजात सगळ्यांनी एम नाहीतर एल टाकलं. राहुल मंडळाचा फोटो बघत म्हणाला, "ताई, ह्यातल्या निम्म्यांचं पोट एलमध्ये मावायचं न्हाई."

दुपारी फोन सुरू झाले. सगळे बायकांचे.

"ताई, आमच्या ह्यांनी एल सांगितलाय ना? डबल एक्सेल टाका. पर मी सांगितलं म्हणू नका."

दुसरीचाही तोच निरोप, तिसरीचाही तोच. आता मोठे टी-शर्ट द्यायला हरकत नव्हती, पण कॉलरमागचं लेबल बघितलं की गडी घरी जाऊन भांडणार. आप्पा म्हणाले, "आण इकडं." त्यांनी एकेक लेबल अलगद उसवलं आणि डबल एक्सेलवर एलचं लेबल शिवलं. किती दिवसांनी त्यांचं मशीन असं सलग चाललं.

मंडळाचे अध्यक्ष आमच्या आरशासमोर टी-शर्ट घालून उभे राहिले, पोटावरून हात फिरवला आणि सोबतच्यांना म्हणाले, "बघा, बाकीचे दुकानदार कापड चोरत्यात. ह्यांचा एल म्हंजी खरा एल." ते मंडळ आजतागायत दुसरीकडे गेलेलं नाही.

ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "खोटं लेबल लावलं, तवा कुठं खरे ठरलो."

*

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचा नाद म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. असेच एक नादिष्ट मामा आले. जावयाने पुण्याच्या मॉलमधून आणलेला ब्रँडेड टी-शर्ट अंगात, छातीवर बारीकसा घोडा.

"एवढा घोडा काढून द्या."

राहुल हबकला. "मामा, त्या घोड्याचेच तर पैसे असत्यात."

"असू द्यात. आमच्या दावणीला बैल हाय. छातीवर घोडा घिऊन गोठ्यात गेलो तर बैलाला काय वाटंल?"

मामांच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा बैलाचे फोटो जास्त. राहुलने त्यातला एक निवडून घोड्याएवढाच बैल काढला. मामांनी चष्मा लावून बघितला. "डावं शिंग जरा आत वळल्यालं हाय त्याचं. तसंच पायजे." तसं केलं आणि घोडा झाकून वर बैल बसवला.

पुढच्या यात्रेत शर्यतीच्या घाटात मामांच्या छातीवरचा तो बैल लोकांनी बघितला आणि आमच्याकडे रांग लागली. प्रत्येकाला छातीवर आपापला बैल पाहिजे. एकाला तर फक्त वशिंड मोठं करून पाहिजे होतं. मग काही महिन्यांनी दौंडचा एक जण दारात येऊन विचारतो, "ओरिजिनल बैल इथंच मिळतो का? आमच्या बाजारात ड्युप्लिकेट निघालाय."

राहुल तापला. तक्रार करू, पोस्ट टाकू, असं बरंच बोलायला लागला. आप्पांनी समोरच्या हॉटेलात हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला.

"आरं, आपली नक्कल निघाली म्हंजी आपण ब्रँड झालो. गप च्या पी."

*

एक छोटासाच. एका गावच्या यात्रा कमिटीच्या टी-शर्टवर पाठीमागे सगळ्या पंचांची नावं छापायची होती. पहिलं नाव कुणाचं, यावर गावात दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, नावं गोलात छापा, म्हणजे पुढे-मागे कुणीच नाही. आम्ही छान गोल केला आणि फोटो पाठवला. अर्ध्या तासात फोन.

"गोल झ्याक झालाय. पर गोलात वर कोन हाय?"

*

कवठ्याचे एक आबा आहेत, माझ्या माहेरच्या शेजारचे. नातवाने हौसेने टी-शर्ट आणला, तर आबा तो घेऊन थेट आमच्या दुकानात. उलटा केला, सुलटा केला, झटकून बघितला.

"ह्याला खिसा कुठाय?"

"आबा, टी-शर्टला खिसा नसतो."

"मग तंबाखू काय तोंडात ठिवूनच हिंडायचं व्हय?"

मी आप्पांकडे बघितलं. बंडीला आतून चोरखिसा असतो, तसा आप्पांनी टी-शर्टला आतून शिवून दिला. बाहेरून काही कळायचं नाही. आबा तिथंच घालून, खिशात हात घालून खात्री करून गेले.

पंधरवड्याच्या आत कवठ्याची म्हातारी मंडळी पिशव्या घेऊन यायला लागली. सगळ्यांच्या घरी नातवंडांनी आणलेले, घडी न मोडलेले टी-शर्ट होते. मग कांदा काढणाऱ्या बायकांची टोळी आली. त्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून रानात जातात. त्यांच्या मुकादम मावशी म्हणाल्या, "लै वर्सं उतरल्याल्या शर्टावर काढली. औंदा आमच्यासाठी नवं पायजे. हात पुरते झाकणारं, आन् मोबाइलला खिसा."

आप्पांनी खिसे लावले, राहुलने उत्साहाने विचारलं, "मावशी, पाठीवर काय छापू?"

"काय नगं. समद्याच वाकल्याल्या असतोय आमी. वाचनार कोन?"

*

आता लाइटीचा. एप्रिलमध्ये जयंतीच्या निळ्या टी-शर्टची आमच्याच वॉर्डातल्या मंडळाची ऑर्डर होती. उद्या मिरवणूक आणि आज गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, मीच कशी विसरले कुणास ठाऊक. चित्रं फिल्मवर छापून तयार होती, फक्त तापलेल्या मशीनखाली धरून कापडावर उतरवायची राहिली होती. त्या मशीनला इन्व्हर्टर पुरत नाही. दुपार झाली तरी लाइटीचा पत्ता नाही. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायची, त्या दिवशी पोरं साध्या कपड्यांत चालणार, आणि तेही माझ्यामुळे. मी रडायच्या बेतात होते.

आप्पा उठले आणि रस्ता ओलांडून समोरच्या लाँड्रीवाल्या मामांकडे गेले. हे मामा आमच्यावर कायम खार खाऊन असायचे. लोकांनी टी-शर्ट घालायला सुरुवात केल्यापासून त्यांच्याकडची इस्त्रीची गाठोडी निम्म्यावर आली होती. आप्पा काय बोलले ठाऊक नाही. मामा त्यांची कोळशाची जाडजूड इस्त्री घेऊन आले. पाठोपाठ त्यांचा भाऊ आला, दुसरी इस्त्री घेऊन.

"जल्मात पयल्यांदा टी-शर्टला इस्त्री करतोय," मामा फुरंगटून म्हणाले, "आन् ती बी तुमच्याच."

पहिला टी-शर्ट थोडा करपला. मग मामांनी बोट ओलं करून चटका बघितला, आच बेताची केली, आणि पुढचे सगळे असे उतरले की माझं मशीन लाजावं. लाइट आली तेव्हा आम्ही शेवटची घडी घालत होतो. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निळ्या गर्दीत मामाही होते. सगळ्या टी-शर्टांत त्यांच्या एकट्याच्या बाहीला इस्त्रीची कडक धार होती. मी हात जोडले, तर मला दरडावून म्हणाले, "घडी घालून ठिवत जा जरा. पोत्यावानी कोंबता."

*

आणि मग मागच्या महिन्यातला रविवार.

त्या रविवारी फोन आला नाही, नितीन स्वतःच आला. गाळ्याला गिऱ्हाईक मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी बघायला येणार होतं. नितीनने सगळं नीट, समजुतीने सांगितलं. मला म्हणाला, "ताई, तुमचं मशीन हलवायला लागणार नाही, ते मी बोलून घेतलंय." इतका भला मुलगा, भांडायलाही जागा नाही.

आप्पांनी ऐकून घेतलं. ह्या खेपेला ते "बघू" म्हणाले नाहीत. "बरं" म्हणाले.

राहुलचा माऊसवरचा हात थांबला. मी उगाचच टी-शर्ट मोजायला लागले. आप्पा गेल्यावर हे दुकान कसं दिसेल, ते मला त्या क्षणी दिसलं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

नितीन उभा राहिला. अंगात भारीतला टी-शर्ट, बघताक्षणी कापड कळावं असा. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग गळ्यातली टेप काढली.

"उभा ऱ्हा नीट."

"आप्पा, आता माप कोण घेतं? मी एम घालतो."

"उभा ऱ्हा म्हन्लं ना."

नितीन हसला आणि हात थोडे बाजूला करून उभा राहिला. आप्पांनी खांदा घेतला, बाही घेतली, गळा घेतला. छाती घेतली. टेप सैल करून छाती पुन्हा घेतली.

"वाळलायस. जेवतो का न्हाई टायमावर?"

"कामाचं जरा असतं, आप्पा."

"आन् झोप?"

टेप तशीच नितीनच्या छातीभोवती होती आणि आप्पांचे दोन्ही हात तिच्या टोकांवर. नितीन खाली बघत होता. मग त्याने मान वर केली.

"आप्पा."

"हं."

"माप घेतलंत ना? मग आता इथेच बसून शर्ट शिवून द्या. कधी न्यायला येऊ?"

आप्पांनी टेप सोडवली, गळ्यात अडकवली आणि मशीनपाशी जाऊन बसले.

"हातात काम लै हाय रं. दिवाळीनंतर चक्कर मार."