ताठ बाईचं माप

पुसेगावात एक बाई ब्लाऊज शिवते. साधं सुती कापड, बंद गळा, कोपरापर्यंत बाही. पण तिचं काम लांबूनही ओळखू येतं. माप घेताना तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली, पडलेले खांदे मागं ओढले.

"काहून गं? मी तर अशीच उभी राहते."

"तुमी राहत असाल. मी जिच्यासाठी शिवून राहिले, ती अशी न्हाई उभी राहत."

ब्लाऊज सुरेख झाला. फक्त पोक काढलं की काखेत काचायचा.

तोच घालून ग्रामपंचायतीच्या बैठकीला गेले. सरपंच मी, पण खुर्चीत नेहमीसारखे आमचे मालक. अंग चोरून कोपऱ्यात बसायला गेले, तर काखेत काचलं. मी सरळ उभी राहिले.

"आवो, उठा. तिथं मला बसायचंय."