विहिरीवरचा फेस

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, ती विहीर मात्र पुसली गेली नाही. वऱ्हाडातल्या एका लहान विमानतळाशेजारच्या गावात ती होती आणि मी त्या हद्दीचा ठाणेदार होतो. नावं लिहीत नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात.

एका सकाळी एक शेतकरी बाटलीत पाणी घेऊन ठाण्यात आला. बाटली हलवली की पांढरा फेस येई आणि लवकर बसत नसे.

"कोनीतरी विहिरीत जहर टाकून राह्यलं, साहेब."

संशय कोणावर, असं विचारताच त्यानं शेजारच्या चाचांचं नाव घेतलं. विहीर दोघांची सामाईक होती, पिण्याचं पाणी मात्र अर्धं गाव तिथूनच नेई. ओलिताच्या पाळीवरून आठवड्यापूर्वीच त्यांची बोलाचाली झाली होती.

पंचनामा केला, पाण्याचे नमुने सीलबंद करून अमरावतीला प्रयोगशाळेत पाठवले. चाचांच्या शेतातल्या खोपटात फवारणीच्या औषधाचा अर्धा डबा सापडला. तो कोणाच्याही शेतात सापडला असता, पण मला तेवढं पुरलं. सत्तरीच्या त्या माणसाला तीन दिवस सकाळी बोलावून दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवलं.

"माह्या घरीबी तेच पानी पेतात, साहेब. मी त्यात जहर कावून टाकीन?"

मी हे जबाबात लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी चाचा-चाची चांदूर बाजारला मुलीकडे निघून गेले.

पुढच्या आठवड्यात विमानतळाच्या अग्निशमन पथकातला एक जवान साध्या कपड्यांत ठाण्यात आला. तो त्याच गावचा.

"चाचाचं नाव काढून टाका, साहेब. तो फेस आमचा आहे."

आग विझवण्याच्या सरावात ते फेसाचं द्रावण मारत. ते उतारानं नाल्यात जाई आणि नाला त्या विहिरीला लागूनच वाहतो.

"आधी का नाही बोललास?"

"नोकरीले भेलो. माही मायबी तेच पानी पेते."

पथकप्रमुखानं सरळ नाकारलं. नोंदवहीत सराव नुसत्या पाण्याचा लिहिला होता. मैदानामागचे रिकामे ड्रम समोर आणले, तेव्हा म्हणाला, "साबणासारखंच असतं ते."

अमरावतीचा अहवाल आला. त्यात कीटकनाशक नव्हतं. मग ड्रममधला उरलेला थेंब आणि विहिरीचं पाणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. दोन्हींत एकच रसायन निघालं. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं की हे उकळून जात नाही, जमिनीत वर्षानुवर्षं राहतं. विहिरीवर जाळी ठोकून ती बंद केली, प्रकरण प्रदूषणाच्या खात्याकडे गेलं, प्रमुखाची बदली झाली.

पोलिसाला भांडण लवकर दिसतं, कारण त्याला नाव-पत्ता असतो. विहिरीच्या काठावर उभं राहून मी पाणी कुठून येतं हे पाहिलं नाही, कोणाचं कोणाशी पटत नाही एवढंच पाहिलं. या प्रकरणानं मला हे शिकवलं, पण त्याची किंमत दुसऱ्यानं दिली.

तुमच्यावरचा संशय खोटा निघाला, हे चाचांना स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं होतं. बंदोबस्तात महिना गेला. मग त्या शेतकऱ्याचा फोन आला, चाचा वारले. आम्ही दोघं एकाच गाडीनं चांदूर बाजारला गेलो. वाटेत तो एवढंच बोलला, "माफी मांगाची राह्यली, साहेब."

कब्रस्तानात मी मागं उभा होतो. चाचांच्या जावयानं मला ओळखलं. थोडा सरकला आणि मला उभं राहायला जागा करून दिली.